कुंभारणीचं घर

हिटर पेटत होता, पंखा फिरत होता, आणि डबा काही तापत नव्हता. तक्रार एवढीच होती. एवढ्याशा तक्रारीपायी आमच्या घरातलं एक माणूस हातचं जाणार होतं, आणि तेही घरातल्या एकुलत्या इंजिनिअरनं, म्हणजे मी, त्या हिटरपुढं अख्खा रविवार घालवल्यावर. हे आठवलं की आजही हातातलं काम थांबतं.

डबा म्हणजे कॅरॅव्हॅन. आमचं शेत इंदापूर तालुक्यात, वरकुट्याच्या बाजूला, उजनीच्या फुगवट्याच्या पाण्याला लागून. हिवाळ्यात तिथं पक्षी उतरतात आणि त्यांच्या मागोमाग गळ्यात कॅमेरे अडकवून पुण्याची माणसं. त्यांना पहाटे पाण्याकाठी हजर असायचं असतं. धाकट्या भावानं ते हेरलं. कुणाची तरी चाकांवरची जुनी खोली भंगारात निघाली होती, ती त्यानं ट्रॅक्टरला जोडून आणली आणि शेताच्या कडेला, घरापासून हाकेच्या अंतरावर उभी केली. आत दोन पलंग, छोटा ओटा आणि खालच्या कप्प्यात गॅसवर चालणारा परदेशी हिटर. भाऊ कॅरॅव्हॅन म्हणायचा. आई डबा म्हणाली, आणि डबा हेच नाव पडलं.

घरात माणसं तीन. आई, भाऊ आणि वहिनी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. भावाच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. आई त्यावरून वहिनीला कधी बोलली नाही. पण गावात कुठं बारसं असलं की आई एकटीच जायची आणि आल्यावर बराच वेळ गप्प असायची. ते गप्प बसणं वहिनीला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

आणि मी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेलं पहिलं माणूस. मेकॅनिकल इंजिनिअर. बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. पदवी घेतानाचा माझा फोटो घरी देवाच्या शेजारी लावलाय आणि मला तो तिथं आवडतो. खोटं कशाला सांगू? आईला अक्षर येत नाही, वडील अंगठा लावायचे, आणि त्यांच्या पोरीनं यंत्रांवर हुकूम चालवावा, याचा मला अभिमान होता. आजही आहे. फक्त त्याला एक खोक पडलीय.

डिसेंबर लागला आणि भावाचा फोन आला. "ताय, पुढच्या शनिवारी पयले पाव्हणे येणार हायत. म्हातारं जोडपं हाय त्यात. हिटर पेटतोय, पर डबा नुसता कोमट. तू ये बघ."

मी रविवारी स्कूटीवर मल्टिमीटर, पाने, ब्रश असं सगळं घेऊन गेले. अंगणात पोचले तर भाऊ ओरडला, "आली बघा आमची इंजिनिअरीण! आता हिटर भ्यानंच तापंल."

"तू लावलेल्या वायरी बघून मीच तापणार आहे," मी म्हटलं.

आणि झालंही तसंच. बॅटरीपासून हिटरपर्यंत त्यानं स्पीकरची बारीक वायर ओढली होती. पंख्यापर्यंत विजेचा पुरेसा दाब पोचतच नव्हता, पंखा रडत फिरत होता. मी जाड वायर टाकली. पलंगाखाली हवा आत ओढायची जाळी होती, तिच्यावर वहिनीनं पाहुण्यांच्या गोधड्या रचून ठेवल्या होत्या. त्या हलवल्या. गरम हवेचा लवचिक पाइप एका जागी चेपला होता, तो सरळ केला. गॅसचा रेग्युलेटर तपासला. एकेक दोष सापडत गेला तसतशी माझी मान ताठ होत गेली. भाऊ शेजारी उकिडवा बसून बघत होता. "हे समदं त्या चार वर्सांत शिकिवतात व्हय गं?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "चारातलं हे एका तासाचं."

मग हिटर पेटवला आणि बारक्या काचेतून ज्योत पाहिली. ज्योत पिवळी होती.

हे मी नीट लिहिते, कारण हे मी पाहिलं होतं. गॅसची ज्योत निळी हवी. पिवळी, लपलपती ज्योत म्हणजे तिला हवा कमी पडतेय. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे येतं. मी बर्नरवरची काजळी ब्रशनं झाडली. ज्योत जराशी निळसर झाल्यासारखी वाटली आणि मी काच बंद केली. जळायला लागणारी हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी नळी मागच्या भिंतीला निघते, हेही मला ठाऊक होतं. मनात आलं, नळी ती नळी, तिच्यात बिघडायचं काय?

तरी एक चक्कर मारावी म्हणून मागं निघाले, तर आई आडवी आली. "तिकडनं नगं जाऊ, चिखल हाय. च्या झालाय, चल."

लांबून मला भिंतीवर एक टोपली दिसली. शेणानं सारवलेली, भिंतीला पालथी लावून तारेनं घट्ट बांधलेली. शेजारी खुंटीला विळा आणि कांद्याची माळ. आमच्याकडं भिंत दिसली की तिच्यावर काहीतरी टांगलं जातंच. मी चहाला गेले.

स्वयंपाकघरात आईनं मला कोपऱ्यात ओढलं. चेहरा इतका उजळलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. "कुणाला बोलू नगंस. तुझ्या वयनीला सकाळधरनं उलट्या हुत्यात. चक्कर येती. काल बी आली."

मी वहिनीकडं पाहिलं. ती भाकरी थापत होती, चेहरा ओढलेला, डोळे लाल. माझ्याकडं बघून कसंनुसं हसली. मला इतका आनंद झाला की मी तिला मागून मिठीच मारली. वहिनीचं अंग मिठीत ताठ राहिलं. मला वाटलं, लाजतेय.

चार दिवसांपासून ती आणि भाऊ डब्यात झोपून पाहत होते, पाहुण्यांच्या आधी आपण अनुभव घ्यावा म्हणून. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती, त्यामुळं भाऊ बहुतेक वेळ उसाला पाणी द्यायलाच. डब्यात वहिनी एकटी. आई म्हणाली, आता घरात झोप. तर वहिनी म्हणाली, "न्हाय आत्या, हितं फोडणीचा वास आला की मळमळतंय. तितंच बरं वाटतं." मग आईच मला म्हणाली, "ऐक की, त्यो डबा चांगला गरम करून दे. पोरीला उबारा पायजे."

मी पुन्हा डब्यात गेले. हिटर चालू होऊन तास झाला होता आणि आत अजून कोमटच. मी दारावर हात फिरवला, खिडकीच्या फटीपाशी हात धरला, छताची झडप पाहिली. सगळीकडून गार झुळूक येत होती. झालं, निदान सापडलं. "हिटर ठीक आहे. उष्णता गळतेय. सगळ्या फटी बुजव. खिडक्या, दार, छताची झडप. एक फट ठेवू नको."

भावानं सांगितल्या शब्दाला काम केलं. दोन दिवसांत फोम आणि सीलंट लावून डबा बंद बाटलीसारखा केला. बुधवारी फोन आला. "ताय, आता जरा उबारा धरतोय." मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, घरचा हिटर दुरुस्त केला. वहिनीची चौकशी केली तर तो लाजत म्हणाला, "लय झोपती. आई उठवूच देत न्हाय." त्याचंही डोकं दुखत होतं म्हणे. पण रात्रभर पाणी धरणाऱ्याचं डोकं दुखायचंच.

पाहुणे शनिवारी यायचे होते. मी शुक्रवारी रजा टाकली आणि सकाळीच निघाले. भवानीनगरला उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती, मळीचा वास नाकात भरला होता, आणि मी हेल्मेटच्या आत गाणं गुणगुणत होते. आत्या होणार होते ना.

पोचले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. आई चुलीपुढं खीर ढवळत होती. मी विचारलं, "वहिनी कुठाय?"

"झोपू दे. अशा दिसांत झोप येतीच. मी बी तुझ्या वक्ताला अशीच झोपायची."

"अगं, पण आठ वाजून गेले."

"ऱ्हाऊ दे म्हन्ते ना!"

मी हिटर बघायचं निमित्त काढून डब्याकडं गेले. दार ओढलं तर ते चिकटल्यासारखं उघडलं. माझाच तो फोम. आत दमट, जड हवा होती. गॅसचा वास नाही, धुराचा नाही, कसलाच नाही. वहिनी पलंगाच्या कडेला कुशीवर होती. उशाला उलटी झालेली. गाल लालबुंद, जणू उन्हातून आलीय. मी हाक मारली. पापण्या हलल्या, पण डोळे उघडले नाहीत. खांदा हलवला तर हात पलंगावरून ओल्या कपड्यासारखा खाली घसरला.

आणि खाली, त्या बारक्या काचेत, ज्योत. पिवळीधमक.

मला त्या क्षणी कळलं. पुढचं मागचं सगळं एकदम कळलं. मी तिला काखेत धरून दारातून ओढत बाहेर आणलं, मातीत. सिलिंडर बंद केला. ओरडले. भाऊ मोटर सोडून उसातून धावत आला. आई हातातला डाव तसाच घेऊन आली.

"काय झालं? पोटात दुखतंय का तिच्या?" आई.

"आई, पोट नाही! धूर भरलाय आत. ह्या हिटरचा धूर बाहेर कुठून जातो?" मी डब्याच्या मागं धावले. चिखल नव्हता. चिखल तिथं कधीच नव्हता. टोपली होती, जिथं नळीचं तोंड असायला हवं बरोबर तिथं. मी तार उपसली.

"हात लावू नगंस!" आई किंचाळली. "कुंभारणीचं घर हाय त्यात!"

टोपली माझ्या हातात होती. तिचा तळ आतून करपून काळा झाला होता. नळीच्या तोंडात मातीची घरं होती, एकाला एक चिकटलेली, बोटाएवढी, आतपर्यंत ठासून. कुंभारीण माशीची. घरात कुंभारणीनं घर केलं की त्या घरात पाळणा हलतो, असं आमच्याकडं बायका मानतात. ते घर कुणी फोडत नाही. आईनं ते ऑक्टोबरात पाहिलं होतं. सात वर्षांनी पाहिलं होतं. कुणी काडी घालून मोडू नये, वारा लागू नये म्हणून तिनं वर टोपली बांधली होती.

शेजाऱ्याच्या जीपमध्ये वहिनीला घातलं. इंदापूरला पोचेपर्यंत मी खिडकीच्या बाजूला तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, चारही काचा उघड्या. थंडीनं आम्ही सगळे कुडकुडत होतो. वाटेत तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "पाव्हणे आले का?" भावानं पुढच्या सीटवर तोंड फिरवलं.

दवाखान्यात डॉक्टर बाईंनी ताबडतोब ऑक्सिजन लावला. काय झालं ते मी सांगितलं. हिटरची जळणाची पेटी जुनी होती, तिच्या सांध्यातलं रबर गेलं होतं. बाहेरची वाट बंद, म्हणून धुरातला बिनवासाचा विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, त्या सांध्यातून डब्यात येत होता. रोज थोडाथोडा. फटींतून जमेल तेवढा बाहेर जात होता, तोवर उलट्या आणि चक्कर. मग फटीही बंद झाल्या. फटी बंद करायला कुणी सांगितलं, हेही मी सांगितलं. डॉक्टर बाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं. कागदावर लिहीत त्यांनी विचारलं, "पेशंट गरोदर आहे का?"

"व्हय," आई पटकन म्हणाली. "दिवस गेल्यात. बाळाला काय हुईल का वो बाई?"

वहिनीनं तोंडावरचा मास्क हातानं खाली ओढला.

"न्हाय," ती म्हणाली. "पाळी येऊन गेली. गेल्या शनिवारीच."

डॉक्टर बाईंनी मास्क परत नीट बसवला आणि बाहेर गेल्या. आई उभी होती ती खाली बसली, खुर्चीवर नाही, फरशीवर. मी भावाकडं पाहिलं. त्यालाही माहीत नव्हतं.

मला वाटत होतं, सकाळी दार उघडलं तेव्हा बसला त्याहून मोठा धक्का माणसाला बसू शकत नाही. बसतो.

वहिनीनं ते मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, आई चहा आणायला गेली तेव्हा. आवाज बसका होता. "ताई, आत्या माझ्या आंघोळीचं पाणी तापवत होत्या. मला खरकटं उचलू देत नव्हत्या. सात वर्सांत पयल्यांदा माझ्याशी बोलता बोलता हसत होत्या. कसं सांगू? म्हटलं, चार दिस तरी ऱ्हाऊ दे. घरात झोपले असते तर त्यांना पाळीचं कळलं असतं, म्हणून डब्यात ऱ्हायले. देवापाशी दिवा लावायला बी गेले न्हाय, मळमळतंय म्हटलं."

"आणि खरंच मळमळत होतं, त्याचं काय? तुला वाटलं नाही, मग हे कशानं होतंय?"

"वाटलं की. पर इचारलं असतं तर समदंच बाहेर आलं असतं."

मीही ज्योत पिवळी बघून काच बंद केली होती.

शनिवारी सकाळी भावानं पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवलं. वहिनी रविवारी घरी आली. ती ओसरीवर गोधडी घेऊन उन्हात बसली आणि मी पान्यांची पिशवी घेऊन डब्यामागं गेले. मातीची घरं फोडायला स्क्रू ड्रायव्हर लावला आणि हात थांबला. मागं आई उभी होती.

"फोड," ती म्हणाली.

माती भाजून विटेसारखी झाली होती. आत जळून कोळसा झालेल्या अळ्या होत्या. त्या आईला दिसू नयेत म्हणून मी हाताचा आडोसा केला, पण तिनं वाकून पाहिल्या. पदर तोंडाला लावला. म्हणाली, "ती बी जळाली."

मी सगळं स्वच्छ केलं, नळीच्या तोंडाला बारीक जाळी बसवली. हिटरचा गॅसचा पाइपच काढून ठेवला. नवी पेटी आणि विषारी हवेचा इशारा देणारा भोंगा बसल्याशिवाय तो पेटणार नव्हता. मग काळ्या रंगानं भिंतीवर ठळक लिहिलं, "धुराची नळी. इथं काही झाकू नये." दोन पावलं मागं येऊन वाचलं. अक्षर चांगलं आलं होतं.

"काय लिवलंस?" आईनं विचारलं.

तेव्हा मला कळलं, मी काय केलंय ते. हे जिनं वाचायला हवं तिला वाचता येत नाही, आणि हे मला जन्मापासून माहीत आहे. मी ब्रश बाजूला ठेवला. मग खाली बसले, तिलाही बसवलं, आणि मातीत काडीनं डब्याचं चित्र काढलं. इथं ज्योत, इथं पंखा, इथून हवा आत, इथून धूर बाहेर.

आई बघत होती. मध्येच म्हणाली, "म्हंजी ह्ये धुराडं हाय."

"हो."

"धुराडं बुजलं की जाळ पिवळा पडतो, चूल तापत न्हाय आन् घरात डोळं चुरचुरत्यात. चाळीस वर्सं चुलीपुढं बसले मी. हे मला ठाऊक न्हाय व्हय?" तिचा आवाज चढला. "तू दिसभर तितं बसलीस. ह्ये धुराडं हाय, एवढं मला सांगितलंस का?"

"तू तरी टोपलीचं का नाही सांगितलंस? चिखल आहे म्हणालीस."

"तू हसली असतीस."

हसले असते. नक्की हसले असते, भावाला हाक मारून सांगितलं असतं, आणि हसत हसत ती टोपली काढली असती. तेवढं झालं असतं तरी पुरे होतं.

ओसरीवरून वहिनीनं हाक मारली, "आत्या, दूध उतू चाललंय!" आई गुडघ्यावर हात ठेवून उठली. दूध उतरवून ती बाहेर आली, गोधडीच्या टोकावर वहिनीशेजारी टेकली आणि तिच्या कपाळावर हात ठेवून बघत राहिली, ताप नसतानाही.

"आज दिवा तू लाव," ती म्हणाली. "आन् अजून काय लपिवलं असशील तर आत्ताच सांग बाई. माझ्यात आता तेवढा जीव न्हाय."

वहिनी रडता रडता हसली. "खीर आवडत न्हाय मला, आत्या. रोज खाल्ली."